घर गाळायचं नाही

ज्वारी पिशवीत पडली तेव्हा तिचा आवाज झाला, आणि त्या आवाजानं गुरुशांतचा हात होता तिथंच थांबला. हातात उमेदवार काव्याचं पत्रक होतं. तोंडात रोजचं वाक्य तयार होतं, 'नमस्कार, महापालिकेच्या निवडणुकीसाठी आलोय, पाचच मिनिटं', आणि समोर सावित्रम्मा रिकामं सूप हातात घेऊन, डोळे बारीक करून, त्याच्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे कुठंतरी बघत उभी होती. चूक तशी तिची नव्हती. थंडी होती म्हणून बायकोनं, रुद्राणीनं, निघताना गेरूच्या रंगाची शाल त्याच्या अंगावर जबरदस्तीनं टाकली होती. कपाळावर विभूती होती, ती रोजचीच. खांद्याला कापडी पिशवी. पण या सगळ्याहून मोठा पुरावा म्हणजे तो उभा कसा होता. कडी वाजवून तो उंबऱ्याच्या डाव्या अंगाला सरकला होता, नजर खाली, रांगोळीवर, आणि आतून "यारू? कोण ते?" अशी हाक आली तरी त्यानं उत्तर दिलं नव्हतं. असं दारात कोण उभं राहतं? गॅसवाला राहत नाही, कुरिअरवाला राहत नाही, मतं मागणारा तर नाहीच नाही. असा लिंगायतांच्या दारी कोरडी भिक्षा घ्यायला येणारा जंगमच उभा राहतो, आणि तो आला की आत जाऊन काय आणायचं ते सावित्रम्माच्या पायांना डोळ्यांशिवायही माहीत होतं. "निंदर्री, अय्या, थांबा, जाऊ नका," म्हणत ती भिंतीला धरून आत गेली होती, आणि आता काव्याच्या छापील हसऱ्या चेहऱ्यांवर सूपभर ज्वारी ओतून ती त्याच्या पायांशी वाकत होती. आजी, मी तो नव्हे, असं त्याला म्हणायचं होतं. निघालं भलतंच. "वळ्ळेदागली," तो म्हणाला. बरं होवो, असं. हा शब्द त्यानं अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या तोंडून ऐकला होता. स्वतःच्या तोंडून तो आज पहिल्यांदा ऐकत होता. सावित्रम्मानं समाधानानं दार लोटून घेतलं. मत मागायचं राहूनच गेलं.

गल्लीच्या तोंडाशी म्हाळसाबाई पदर तोंडावर धरून हसत होती. ती घरोघर वाकळा शिवून देते, माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरांतलं. या प्रचारात ती गुरुशांतची जोडीदार. एका बाजूची दारं तिची, दुसऱ्या बाजूची त्याची.

"आवं सर, म्हातारीनं काय घातलं वो पिशवीत?"

"ज्वारी."

"आगं आई! उमेदवारानं मतदाराला वाटल्यालं लई बघितलंय. मतदारानंच उलटं वाटलं, हे आजच बघितलं. आता ते भरारी पथक धरणार कुणाला वो? तुमाला का म्हातारीला?"

गुरुशांत हसला. पण पिशवीचा पट्टा खांद्याला वेगळाच लागत होता. कागदाचं ओझं पाठीला मुकाट टेकून राहतं. धान्याचं ओझं पावलागणिक जागा बदलतं, आपल्याबरोबर चालतं. नऊ-दहा वर्षांचा असताना, भिक्षेच्या फेरीत जंगम अप्पांमागं चालताना, हेच ओझं त्याच्या खांद्यावर असंच सरकायचं. पुढच्या दारात तो उभा राहिला तेव्हा पत्रक काढायला पिशवीत हात घातला, तो मनगटापर्यंत ज्वारीत गेला, आणि थंडगार दाण्यांनी बोटं धरून ठेवली. आतून एक तरुण पोरगा दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडातून न काढताच त्यानं तो प्रश्न विचारला, जो या पंधरवड्यात पेठेतल्या प्रत्येक उंबऱ्यानं विचारला होता: काका, तुम्हाला यात काय मिळतं?

या प्रश्नाला गुरुशांतकडे उत्तरं पुष्कळ होती, एवढी की दोन दारांना एक उत्तर त्यानं सहसा दिलं नव्हतं. शिंप्याला सांगितलं, शुगर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, नुसतं चाललं तर लोक वेडा म्हणतात, म्हणून हातात कागद घेतले. एका सुनेला सांगितलं, बायकोशी पैज लागलीय. आणि एका निवृत्त मास्तरांना, ते फारच खोदून विचारायला लागले तेव्हा, त्यानं सांगून टाकलं की लहानपणी सिद्धेश्वराच्या तळ्यात त्याचा पाय मगरीनं धरला होता आणि काव्याच्या आजोबांनी नुसत्या धोतराच्या फासानं मगरीचं तोंड बांधून त्याला बाहेर काढलं. ते ऋण आहे. तळ्यात मगर नाही हे मास्तरांना माहीत होतं, तरी त्यांनी हळहळून चहा पाजला. दोन दिवसांनी ती मगर त्याच्या पुढं चालायला लागली. तिसऱ्या गल्लीत एका बाईनं पाय दाखवा म्हणून हट्ट धरला, चौथ्या गल्लीत मगरीच्या दोन मगरी झाल्या होत्या, आणि कोपरा सभेत खुद्द काव्याला कुणी तरी आजोबांच्या शौर्याबद्दल विचारलं. काव्या वकिली करते, तिशीची आहे, खोटं बोलताना तिला धाप लागते. ती म्हणाली, "काका, आमच्या आजोबांना पोहता पण येत नव्हतं हो." गुरुशांत म्हणाला, "म्हणून तर शौर्य."

जन्मभर ज्यानं सहकारी बँकेच्या खिडकीआड बसून एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या माणसाच्या तोंडी मगर कुठून आली, याचं रुद्राणीला फार नवल वाटायचं. खुद्द गुरुशांतला ते नवल वाटत नव्हतं. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला खरं बोलावंच लागतं, कारण आलेला माणूस घाईत असतो. सगळी हयात लोक त्याच्यासमोर येऊन उभे राहिले होते. जाळीत कापलेल्या अर्ध्या गोलातून त्याला त्यांची फक्त बोटं दिसायची. चुन्याची बोटं, रंगाची बोटं, विडीच्या कारखान्यातल्या बायकांची तंबाखूनं तपकिरी झालेली बोटं. चेहरा बघायचा तर मान वाकवावी लागे, आणि मागं रांग असे. निवृत्त झाल्यावर सकाळी जाग आली की ती बोटं आठवायची. ती कुठल्या घरात राहतात, त्या घरांना दारं कसली आहेत, लाकडी की पत्र्याची, हे आपल्याला माहीत नाही, असं काहीतरी अस्पष्ट, अंगात कणकण असल्यासारखं वाटायचं. मग निवडणूक लागली. इतकी वर्षं लांबत गेलेली ती निवडणूक लागली आणि काव्या एका संध्याकाळी मदत मागायला आली. पाणी आठवड्यातून एकदा यायचं की दोनदा यावर ती तळमळून बोलत होती, आणि गुरुशांत तिच्याकडे न बघता तिच्या पावलांकडे बघत होता. पोरगी उंबऱ्याच्या बरोबर मध्ये उभी होती. दारात उभं कसं राहायचं तेसुद्धा हिला कुणी शिकवलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं हो म्हणून टाकलं. हे कारण कुणाला सांगता येण्यासारखं होतं? त्यापेक्षा मगर बरी.

म्हाळसाबाईला त्यानं एकदा विचारलं होतं, तुम्ही का फिरता? तिनं इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून सांगितलं, "सर, हसू नका. मला लोकांची घरं आतनं बघाय लई आवडतंय. कुनाचं कपाट कुटं हाय, देव कुटं मांडल्यात, भांडी कशी लावल्यात. वाकळंच्या कामाला गेलं तर वट्यावरच बसवत्यात. हितं काव्याताईचं नाव सांगितलं की आत ये म्हनत्यात." अप्पांनी हे ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते. अप्पांचा नियमच होता, दारातून आत बघायचं नाही. आत काय चाललंय ते आवाजावरून कळतं तेवढं पुरे. अप्पांना फार कळायचं. डब्याचं झाकण कसं निघालं त्यावरून पीठ येणार की जोंधळे येणार ते त्यांना बाहेर कळे, आणि सुनेनं आपखुशीनं घातली की सासूनं ढोसल्यावर, तेही कळे. अप्पांच्या पायात गुडघ्याखाली जंग बांधलेला असायचा, पितळेची घंटा. एका हातात वेताची काठी, काखेत शंख. तो शंख अप्पांनी बाळीवेशीत फुंकला तर स्टेशनात उभी असलेली गाडी सुटायची, गार्ड पुन्हा पुन्हा माफी लिहून द्यायचा, आणि शेवटी रेल्वेनंच अप्पांना विनंती केली की स्वामी, सकाळच्या गाडीच्या वेळी तरी आमच्यावर दया करा. पेठेतली जुनी माणसं हे अजून शपथेवर सांगतात. गुरुशांतला आठवत होता तो शंख मात्र असा मोठा नव्हता. आठवत होतं ते शंखानंतरचं. शंखाचा आवाज विरला की दारासमोर एक शांतता पडायची. तेवढा वेळ अप्पा डोळे मिटून उभे राहायचे, मनातल्या मनात शिवाचं नाव पुरं होईपर्यंत. दार उघडलं तर झोळी पुढं. नाही उघडलं तर पाय एकदा आपटायचा, जंग वाजायचा, आणि पुढचं घर. मागायचं नाही. 'घाल' म्हणायचं नाही. आणि घर गाळायचं नाही. सुतकाचं असो, भांडणाचं असो, काल शिव्या घातलेल्या घराचं असो, उभं राहायचंच. एका श्रावणात कमलम्माचं दार दोन सोमवार उघडलं नाही, तेव्हा अप्पांनी तिसऱ्या सोमवारची वाट न बघता गल्ली गोळा केली. ती आत पडली होती, मांडीचं हाड मोडून, जिवंत. पेठेनं त्यावरही पुढं पुष्कळ रचलं, पण कमलम्मा त्यानंतर बरीच वर्षं जगली, एवढं खरं.

आणि एक घर गुरुशांतनं गाळलं होतं.

ते विरुपाक्षचं घर. भुसाराचा व्यापार, दुमजली, खाली गोदाम. चौथीत विरुपाक्ष आणि गुरुशांत एका बाकावर बसायचे. श्रावणातल्या एका सोमवारी अप्पांबरोबर गुरुशांत झोळी धरून त्या दारात उभा होता, नजर खाली, आणि उंबऱ्यावर आलेली पावलं त्यानं ओळखली. ती रोज त्याच्या पावलांशेजारी बाकाखाली हलत असत. वर बघितलं नाही. वाटीतून पीठ पडलं. पिठाला आवाज नसतो, फक्त झोळी जराशी जड होते. त्याचे कान तापले, आणि नाकात पिठाचा तो गोडसर वास गेला, जो नंतर बँकेत, लग्नात, पोराच्या पदवीदान समारंभात, कुठंही अचानक यायचा. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. विरुपाक्षनं काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारी पोट दुखतं म्हणून तो घरी राहिला, त्याच्या पुढच्या सोमवारीही, आणि अप्पा समजायचे ते समजले. त्यांनी झोळी स्वतःच्या खांद्यावर घेतली. तेवढंच. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. मग दोघं एकाच पेठेत म्हातारे झाले. विरुपाक्ष बँकेत यायचा, जाळीतून त्याची बोटं दिसायची, जाड, अंगठीची. गुरुशांत त्यांना 'सही इथं' म्हणायचा. बोटं सही करायची.

आता या निवडणुकीत काव्याच्या विरोधात उभा होता विरुपाक्षचा पुतण्या विरेश, आणि त्याचा प्रचार चालत होता त्याच घराच्या ओट्यावरून. त्यामुळे घर गाळणं फारच सोयीचं झालं होतं. काव्याचं काम अनिलकुमार बघायचा. मोबाईलच्या दुकानाचा मालक, चाळिशीचा, कानात सतत काहीतरी खोचलेलं. बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात त्यानं कचेरी थाटली होती. त्या दिवशी दुपारी सगळे जमले तेव्हा म्हाळसाबाईनं ज्वारीची गोष्ट रंगवून सांगितली, आणि अनिलकुमारचा चेहरा उतरला.

"काका, परत नाही ना केलीत? घेतलीत? अहो, आचारसंहिता आहे! कुणी व्हिडिओ काढला असता तर? स्वामी होऊन दारोदार मतं मागतात म्हणून तक्रार जाईल."

"मत मागितलंच नाही मी."

"म्हणजे? मग गेला कशाला होतात?"

सगळे हसले. गुरुशांतही हसला. "उद्या शेवटचा दिवस," अनिलकुमार म्हणाला. "राहिलेली घरं उरका. आणि विरुपाक्षशेठचं घर सोडून द्या, ते आपलं नाही." ही सूचना त्यानं रोजच केली होती, आणि रोज गुरुशांतला ती ऐकून बरं वाटलं होतं, डॉक्टरांनी व्यायाम बंद करायला सांगितल्यासारखं. आज पिशवी मांडीवर होती. त्यानं बोटं पुन्हा आत घातली.

"आणि तिथं गेलो तर?"

"कशाला?" अनिलकुमारनं कानातलं काढलं. "एक मत नाही मिळणार. वर ओट्यावरची पोरं फोटो काढतील. गुरुशांतकाका फुटले म्हणून पेठभर होईल. मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर तुम्हाला बसवलंय मी, तुमचं तोंड बघून लोक येतील म्हणून. फुटलेल्या माणसाला कसा बसवू, तुम्हीच सांगा की."

ते टेबल गुरुशांतला हवं होतं. हे त्याला तिथंच, अनिलकुमारनं ते काढून घ्यायची भाषा केल्यावर कळलं. ऊन चढत जाणार, पेठ एकेक करून येणार, आणि या वेळी मध्ये जाळी नाही.

घरी रुद्राणीनं पिशवी उचलली आणि तिला वजनावरूनच समजलं. तिनं आत बघितलं. "कुणाच्या घरची?"

"सावित्रम्माच्या. तिला वाटलं, मी अय्या आहे."

"आहातच की," ती म्हणाली. "नोकरी केली म्हणून काय जात बदलते?" मग तिनं पत्रकं एकेक करून झटकून बाहेर काढली, ज्वारी पिशवीतच राहू दिली, आणि पिशवी डब्यात रिकामी न करता खुंटीला लावली. सासऱ्यांच्या हाताखाली ती दोन वर्षं नांदली होती. भिक्षेचं धान्य फेरी पुरी झाल्याशिवाय दळायचं नाही, हा घरचा नियम तिला त्यांनी शिकवला होता, मुलाला नव्हे. "फेरी पुरी झाली का?" तिनं विचारलं.

"एक घर राहिलंय."

"मग कशी दळू?" असं म्हणून ती शेंगा फोडायला बसली, आणि तिनं पुढं एक अक्षरही काढलं नाही. एरवी ती इतकी बोलते की शेजारच्यांना रेडिओ घ्यावा लागला नाही.

सकाळी शाल त्यानं आपणहून घेतली, आणि खुंटीवरची पिशवीही, ज्वारीत पत्रकं परत खोचून. राहिलेली घरं करता करता तो विरुपाक्षच्या गल्लीशी आला तेव्हा म्हाळसाबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या गर्दीकडे. "सर, तितं वाघाच्या गुहेत कुटं?" ती म्हणाली, पण अडवलं नाही, उलट नीट दिसावं म्हणून समोरच्या पायरीवर जागा धरून बसली. ओट्यावर विरेशची पोरं चहा पीत होती. ओटा चढताना गुरुशांतच्या गुडघ्याखाली, जिथं काहीही बांधलेलं नव्हतं तिथं, हलकेच ओढ बसल्यासारखी झाली.

"ओ काका, पत्ता चुकला काय?"

"मगर लागली काय मागं?"

विरेश आतून आला, हात जोडून, गळ्यात हार नुकताच काढल्याची खूण. "स्वामीकाका! या, या. येताय काय आमच्यात? शेवटच्या दिवशी का होईना!" दोन-तीन फोन वर झाले. गुरुशांतला त्यांच्या मागच्या काळ्या ठिपक्यांचा भार गालावर जाणवला. आता काहीतरी सांगता आलं असतं. जिभेवर एक लोणकढी आलीही होती. तिला त्यानं गिळलं. कडी वाजवली. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला सरकला. नजर खाली घातली. या दारात रांगोळी नव्हती, फरशीवर सांडलेले चार दाणे होते, आणि एक मुंगी त्यातल्या एकाशी झटत होती. मागं पोरं हसत होती. मग त्यातला एकेक आवाज गळत गेला, कारण न बोलणाऱ्या माणसावर फार वेळ हसता येत नाही. त्यानं मनात शिवाचं नाव सुरू केलं. ते पुरं झालं. दार उघडलं नव्हतं. पाय आपटायला हवा होता, पण वाजणार काय? ही अडचण अप्पांनी कधी सांगितली नव्हती, आणि त्या अडचणीत तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. तेवढ्यात उंबऱ्यावर पावलं आली.

ओळखू आली नाहीत. सुजलेली, घोट्याला पट्टी, एका चपलेचा अंगठा तुटलेला. काठी.

"कोण? गुरू?"

त्यानं वर बघितलं. जाळी नव्हती. विरुपाक्षचा चेहरा त्यानं इतक्या जवळून कितीतरी वर्षांनी बघितला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि कानाजवळ लहानपणचा तो तीळ तसाच होता.

"मत मागायला आलास? माझ्या दारात?"

"नाही."

"मग?"

"घर गाळायचं नसतं."

विरेश म्हणाला, "काका, तुम्ही आत बसा, मी बघतो." विरुपाक्षनं काठी जरा उचलली, तो गप्प झाला.

"का फिरतोस रे तू? आं? खरं सांग. मगर सांगू नको, ती माझ्यापर्यंत आलीय."

उन्हाची एक पट्टी उंबऱ्यावर चढत होती. "दार उघडतं ना," तो म्हणाला, "तेव्हा बरं वाटतं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर जंग वाजवायचा आणि पुढं जायचं."

"कुठाय जंग?"

"तीच तर पंचाईत झाली होती आत्ता."

विरुपाक्ष हसला, त्याच्या हसण्यात खोकला निघाला, तो बराच वेळ चालला. मग डोळे पुसत तो खालच्या आवाजात, ओट्यावरच्यांना ऐकू न जाईलसं बोलला. "त्या दिवशी आईच्या हातातनं वाटी हिसकावून घेतली होती मी. रडून. माझ्याच हातानं घालणार म्हणून. आमच्या घरात त्याचं पुण्य मोठं होतं. आणि झोळी तुझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशी तू बाक बदललास. मला वाटलं, माझ्या हातनं पीठ सांडलं असेल."

गुरुशांतच्या नाकात तो वास आला, पिठाचा, गोडसर, आणि या वेळी त्यानं कान तापायची वाट बघितली. ते तापले नाहीत. विरुपाक्ष वळला आणि काठी टेकत आत गेला. एवढा वेळ लागला की पोरांचे फोन खाली आले. परत आला तेव्हा काठी नव्हती. दोन्ही हातांत सूप होतं, आणि हात असे थरथरत होते की सुपातली ज्वारी आपणहून पाखडली जात होती. विरेश पुढं सरसावला. "मी घालतो काका." "सरक," विरुपाक्ष म्हणाला. गुरुशांतनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. आत पत्रकावर काव्या हसत होती, तिच्या गळ्याशी सावित्रम्माची ज्वारी. विरुपाक्षनं ते बघितलं, चिमूटभर दाणे उचलले, एक दातांखाली धरला. "चांगली आहे. माझी पण अशीच आहे," तो म्हणाला, आणि सूप वाकडं केलं. निम्मी ज्वारी ओट्यावर गेली. निम्मी आत पडली, आणि तिचा आवाज झाला.

"मत विरेशलाच देणार हां," विरुपाक्ष म्हणाला. "घरचा आहे."

"वळ्ळेदागली," गुरुशांत म्हणाला.

फोटो दुपारच्या आत पेठभर झाला. म्हाळसाबाईनं गल्लीगल्लीत उभं राहून खरं काय घडलं ते सांगितलं, पण तिच्या सांगण्यात सूप हळूहळू पोत्याएवढं झालं आणि विरेश रडला, त्यामुळे खरं कुणाला पटेना. अनिलकुमारनं संध्याकाळी फोन केला. तो रागावला नाही, थकलेला होता. "काका, टेबलावर दुसऱ्याला बसवतोय. तुम्ही मत द्या आणि घरी थांबा." काव्याचा फोन आला नाही. तेही टोचलं, खोटं कशाला बोलायचं.

मतदानाला तो रुद्राणीबरोबर गेला. बूथबाहेर, ते टेबल जिथं होतं तिथं, एक अनोळखी तरुण ऊन चुकवत बसला होता. परत निघताना फाटकाशी विरेशच्या माणसांनी सावित्रम्माला स्कूटरवरून उतरवलं. शाल नव्हती, पिशवी नव्हती, तरी तिनं त्याला कशावरून ओळखलं देव जाणे. बहुधा तो फाटकाच्या डाव्या अंगाला सरकून उभा होता म्हणून. "अय्या!" ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली. "बरं झालं भेटलात. मत कुणाला घालू?" स्कूटरवाला थबकला. टेबलावरच्या तरुणानं मान वर केली. पलीकडे म्हाळसाबाईनं कपाळाला हात लावला, कारण गुरुशांतच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं होतं, हा माणूस आता काही कामाचा राहिला नाही.

"तुम्हाला वाटेल त्याला घाला, आजी."

"असं?" तिला जरा कमीच वाटलं. मग ती भिंतीला धरून आत गेली.

निकालाच्या दिवशी रुद्राणीनं पहाटे ज्वारी दळून आणली. पीठ परातीत कोमट होतं. तिनं गरम पाणी घातलं, मळलं, आणि भाकरी थापायला लागली तेव्हा तो आवाज, तळहाताचा, एकसारखा, घरभर झाला. गुरुशांत ताटावर बसून ऐकत होता. कुठला दाणा कुणाच्या घरचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कोनाड्यात ठेवलेला फोन वाजायला लागला. अनिलकुमार.

"घ्या की," रुद्राणी म्हणाली. "निकाल असेल."

पहिली भाकरी तव्यावर फुगली. तिनं ती उचलून त्याच्या ताटात टाकली, शेजारी शेंगाची चटणी. फोन वाजून थांबला, आणि पुन्हा वाजू लागला. बाहेर कुठल्या तरी गल्लीत फटाक्यांची माळ लागली, कुणाच्या दारात ते इथून कळत नव्हतं. गुरुशांतनं भाकरी मोडली. वाफ वर आली, आणि तिच्यात तो वास होता.

"घेतो," तो म्हणाला. "एवढी खाऊ दे."